रागाचा नवस

आमच्या ह्यांचा राग आख्ख्या नंदनवनात, म्हणजे आमच्या नागपुरातल्या वस्तीत, प्रसिद्ध होता. हात कधी उगारला नाही, शिवीही 'गधा' आणि 'नालायक'च्या पुढे गेली नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहायचं. पण आवाज! तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनच्या दुरुस्तीवर काढलेली. तिथल्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची सवय, ती तशीच घरी आली. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईवर हे ओरडायचे, चौकात उलट्या बाजूने घुसणाऱ्या गाडीवर ओरडायचे, न उघडणाऱ्या बरणीच्या झाकणावरसुद्धा ओरडायचे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या, "भाऊजी आले वाटते," आणि घड्याळ न पाहता कुकर लावायच्या.

लोकांना गंमत वाटायची, मला लाज वाटायची. त्यातून भाचीच्या साखरपुड्यात पुऱ्या गार आल्या म्हणून ह्यांनी केटररला नव्या व्याह्यांसमोर असं काही झापलं, की मंडपातला बँडवाला वाजवायचा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवापुढे उभी राहिले आणि टेकडीच्या गणपतीला नवस बोलले. "बाप्पा, ह्यांचा राग तेवढा घेऊन जा. नंदनवनातून तुझ्या टेकडीपर्यंत पायी येईन, एकशे एक लाडू वाहीन."

आणि राग गेला!

एकदम नाही गेला, हळूहळू गेला. दसऱ्याच्या सुमाराला पहिल्यांदा लक्षात आलं. टीव्हीवरची बाई अर्धा तास किंचाळत होती आणि हे नुसते तिच्याकडे पाहत बसले होते. मग एकदा बाजारात कोणाच्या तरी गाडीचा आमच्या स्कूटरला धक्का लागला. मी डोळे मिटून घेतले, आता रस्ता बंद पडणार म्हणून. ह्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. दिवाळीत मी भाजीत मीठच टाकायला विसरले, तर ती भाजी पोळीबरोबर निमूट खाल्ली आणि ताट उचलून ठेवलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांनी देवघराकडे हात जोडले. "माह्या लेकाले देवानं सुबुद्धी देल्ली वं. पाह्य कसा गाईवानी झाला." खालच्या वहिनींनी विचारलं, नवस नेमका कसा बोललात, शब्द सांगा. मीही दिमाखात सांगितले. जानेवारीतल्या तिळी चतुर्थीला पहाटे निघून मी पायी टेकडीवर गेले. तिथली गर्दी तुम्हाला ठाऊक असेलच. रेटारेटीत लाडवांचा डबा डोक्यावर धरून मी तीन तास उभी होते आणि मला एकदाही वैताग आला नाही. देवाला दाखवून उरलेले लाडू घरी आणले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार वाटले.

शेवटचा लाडू मी ह्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "घ्या, तुमच्याच नावाचा आहे."

"कशाचा?"

"तुमचा राग गेला, त्याचा."

हे लाडवाकडे पाहत राहिले. मग हसल्यासारखं करून म्हणाले, "बरं झालं वं. तू खुश आहे ना?" आणि कंपनीत खाईन म्हणून लाडू कागदात गुंडाळून घेतला.

मी खरंच खुश होते, त्याचीच तर आता सगळ्यात जास्त टोचणी लागते.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वीस वर्षं झाली, लोकांचं रक्त काढते. दंडाला पट्टा बांधला की माणूस खरं बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे. बायका रडतात, घरचं सगळं सांगतात. पुरुष मात्र तिथेही भिंतीकडे पाहत म्हणतात, "अ‍ॅसिडिटी आहे, बाकी काही नाही." आमच्या नागपुरात पुरुषाला दोनच आजार होतात, एक अ‍ॅसिडिटी आणि दुसरा ऊन लागणं. ह्यांनीही त्या हिवाळ्यात अ‍ॅसिडिटीचं सांगितलं. पाठ दुखते म्हणाले. पहाटे चारला जाग येते म्हणाले. मी माझ्या हाताने त्यांचं रक्त काढलं, होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या लावल्या. साखर ठीक, थायरॉइड ठीक, बी-बारा जरा कमी. त्याची इंजेक्शनं दिली आणि मी निश्चिंत झाले. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नॉर्मल, असं आमच्या धंद्यात आपोआप वाटायला लागतं.

आता तर्री-पोह्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच उलगडलं. दर रविवारी सकाळी हे दोन डबे घेऊन कोपऱ्यावरच्या ठेल्यावर जायचे. एकात पोहे, एकात तर्री. तर्री म्हणजे चण्याचा लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा. तो पोह्यांवर ओतल्याशिवाय आमचा रविवार उजाडत नाही. हे तर्रीच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहायचे आणि ठरल्याप्रमाणे ओरडायचे, "याले तर्री म्हणते काय बे? डबा धुतला का याच्यात?" ठेलेवाला डाव उगारून, तर्रीच्या पातेल्याकडे दाखवत म्हणायचा, "काका, गंज घरी घेऊन जा ना, इथं काहून ठेवता?" मग आणखी दोन डाव तर्री पडायची. पंधरा वर्षं हे असं चाललं होतं. ते भांडण ऐकायला काही लोक मुद्दाम थांबायचे, असं मला कोणीतरी सांगितलंही होतं. मी त्या रस्त्याने जाणंच टाळायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी हे उठलेच नाहीत. पाठ दुखते म्हणाले. सासूबाईंना पोहे हवे होते म्हणून डबे घेऊन मीच गेले. ठेलेवाल्याने मला ओळखलं. पोहे भरता भरता तो थांबला.

"काकू, काकांची तब्येत बरी नाही काय?"

"पाठ धरली आहे जरा. का रे?"

"आजचं नाही म्हणत मी. दिवाळीपासून पाहून राहिलो. बोलतच नाहीत. झाकण बी उघडून पाहत नाहीत. जेवढी टाकली तेवढी घेऊन चालले जातेत." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू काय? दोन रविवार आधी मी जाणून अर्धाच डबा भरला. म्हटलं, आज त भांडतीनच. तरी गुपचूप चालले गेले. मले दिवसभर चैन नाही पडलं, काकू. तुम्ही त्यायले दवाखान्यात दाखवा."

त्याने माझा डबा काठोकाठ भरला, वरून तर्री सांडली, तरी मला हलावंसं वाटेना. ज्या भांडणाची मला लाज वाटायची, ते ह्या माणसाने पंधरा वर्षं जपलं होतं. ते थांबल्याबरोबर त्याला काळजी वाटली. मी लाडू वाटले.

घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या उडवून लावतील. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तुह्या सासऱ्याचं बी असंच झालतं," त्या म्हणाल्या. "काटोलले होतो तवा. संत्र्याच्या बगीच्यात दिवसभर आवाज असे त्यायचा. मंग एका सालापासून बोलनंच बंद. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहत. लोकं पाया पडाले येत वं! म्हनत, मानसाले वैराग्य आलं, देवमानूस झाला. मले बी तसंच वाटे. दोन सालात खंगून खंगून गेले." बशी दूर सारून त्या पुन्हा म्हणाल्या, "कोनी इचारलंच नाही त्यायले, का बाबा तुले होते काय."

सासरे गेले तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. देवमाणूस म्हणून त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्या दिवशी मी तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला आणि मला भीती वाटली. ह्यांचंही तसंच होईल, ह्याची भीती. आणि तसं झालं असतं तर मीही बाहेर लोकांना अभिमानाने सांगितलं असतं, शेवटी शेवटी फार शांत झाले होते हो.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, जी मी रोज पाहत होते आणि पाहत नव्हते. एकच शर्ट तीन तीन दिवस. दाढी वाढलेली. आणि संध्याकाळी कंपनीतून आल्यावर खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावून हे तिच्यावरच बसून राहायचे, वीस वीस मिनिटं. मी बाल्कनीतून पाहायचे आणि वाटायचं, फोनवर असतील. हातात फोन कधीच नसायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला स्कूटर आली. मी गॅस बंद केला आणि खाली गेले. हे हॅंडलवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. उभ्या स्कूटरवर आम्ही दोघं, कुठेही न जाता. वॉचमनने पाहिलं आणि तो शहाण्यासारखा गेटकडे निघून गेला.

"काय झालं वं?" ह्यांनी मागे न वळता विचारलं.

"तेच तुम्हाले विचारायला आले."

"मले काही नाही झालं."

"ठेलेवाला विचारून राहिला होता. तुम्ही भांडत नाही म्हणे आजकाल."

त्यांनी ब्रेक दाबला आणि सोडला. मग म्हणाले, "मले काही वाटूनच नाही राहिलं वं. राग बी नाही येत. यावा असं वाटते, पन येतच नाही. सकाळी डोळे उघडले का वाटते, एवढा मोठा दिवस आता काढाचा कसा."

लॅबमध्ये एक शिकले आहे, सुई टोचायची तर सरळ टोचायची, घाबरत टोचली की जास्त दुखतं. मी विचारलं, "जिवाचं काही वेडंवाकडं मनात येते काय तुमच्या?"

"आलं होतं. दोन-तीनदा."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगनार होतो. तिळी चतुर्थीच्या दिवशी सांगनार होतो." त्यांनी हॅंडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "पन तू लाडू वाटून आली. एवढी खुश मी तुले कधी पाह्यली नोती. म्हटलं, ह्यातच हिचं सुख असन त राहू दे असंच."

मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडले. पार्किंगमध्ये, दिव्याच्या उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. लाजबिज काही वाटली नाही.

डॉक्टरकडे जायला मात्र तयार होईनात. मानसोपचार म्हटल्याबरोबर "मी काय पागल झालो काय?" हेच सुरू. पुढचे दोन दिवस मी त्यांना घरी एकटं असं ठेवलंच नाही. सासूबाईही भाजी निवडायला त्यांच्याजवळच बसायच्या. शेवटी मी त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. म्हटलं, "मशीनचा आवाज वाढला तर तुम्ही काय करता?"

"तेल देतो. नट पाहतो."

"आणि चालता चालता आवाज एकदम कमी झाला तर?"

हे सांगायला गेले आणि थांबले. मग म्हणाले, "तवाच जास्त भेव वाटते. लगेच थांबवून उघडावं लागते." आणि उठून पायात चपला घातल्या.

निघताना मी तपासण्यांचे जुने कागद ठेवायला स्कूटरची डिक्की उघडली. आत, हातपुसण्याच्या फडक्याखाली, कागदात गुंडाळलेला लाडू होता, वाळून दगड झालेला. मी तो पर्समध्ये टाकला.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, लग्न होऊन गेलेल्या आमच्या लेकीच्या वयाची. तिने ह्यांना तासभर बोलतं केलं, मलाही विचारलं. नवसाचं सांगताना मी जमिनीकडे पाहत होते. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, पुष्कळ पुरुषांना डिप्रेशनमध्ये रडू येतच नाही. कोणी चिडचिडा होतो, कोणाचं अंग दुखतं, कोणी कामातच बुडून जातो, कोणी नुसता गप्प होतो. रागीट माणूस शांत झाला की घरचे खुशच होतात. स्वभाव चांगला झाला की वाईट, हे नका पाहू. बदलला का, एवढं पाहा." मग तिने ह्यांना सांगितलं की हा आजार आहे, तुमचा दोष नाही, आणि औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर मध्येच सोडायचं नाही. ते वेडेवाकडे विचार पुन्हा आले तर त्याच क्षणी मला सांगायचं आणि तिला फोन करायचा, असं तिने आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं. बाहेर बाकावर पुरुषच पुरुष बसले होते. बहुतेकांच्या हातात पोटाच्या तपासण्यांच्या फाइली होत्या. त्यातल्या दोघांचं रक्त मीच काढलेलं होतं.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही, उलट झोप फार यायला लागली. मी वैतागले, डॉक्टरला फोन केला, तिने धीर दिला. संध्याकाळी हे स्कूटर लावायचे तेव्हा मी खाली जाऊन मागे बसायचे. कधी हे बोलायचे, कधी नाही. मग आम्ही जिना चढायचो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण इतका वेळ आम्ही शेजारी कधी बसलो नव्हतो. म्हणजे पुढे-मागे.

दरवर्षी होळी झाली की हे माळ्यावरून कूलर काढतात. त्या वर्षी होळी गेली, ऊन तापलं, पण कूलर तसाच वर. मी विषय काढला नाही. एप्रिलच्या मधल्या एका सकाळी मी चहा करत होते, तर हॉलमधून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ, "हे गवत कोनं ठेवलं बे असं ओलं? सडून गेलं ना सगळं!" कूलरच्या जाळीतलं वाळ्याचं गवत हातात घेऊन हे उभे होते. ते ओलं त्यांनीच ठेवलं होतं. सासूबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, मी त्यांच्याकडे. चहा उतू गेला.

असं वाचून वाटेल की तेव्हापासून सगळं बरं झालं. तसं नाही. मध्ये पुन्हा चार दिवस भिंतीकडे तोंड करून गेले. गोळी अजूनही सुरू आहे. पण मे महिन्यातल्या एका रविवारी हे म्हणाले, चल, तूही. आम्ही दोघं ठेल्यावर गेलो. ठेलेवाल्याने नेहमीसारखे डबे भरून पुढे केले. ह्यांनी तर्रीच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. ठेलेवाल्याचा डाव गंजाच्या वर तसाच थांबला होता.

"याले तर्री म्हणते काय बे?"

ठेलेवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याला ते जमेना. त्याने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले, धूर गेला म्हणाला, आणि डब्यात तर्री ओतत राहिला, ओतत राहिला. "पुरे, पुरे ना बे, पोहाचं आहे काय त्याच्यात?" हे ओरडत होते आणि रस्त्यावरचे चार लोक वळून पाहत होते. मला जरा वेळाने लाज वाटलीच. सवय आहे ती, एकदम जात नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा एकशे एक लाडू केले. बोललेला नवस परत घेता येतो का, हे मी टेकडीवर जाऊन विचारलं नाही. बाप्पाला घरूनच म्हटलं, चूक माझी होती, हिशेब तुझा तू पाहा. आणि तोच डबा घेऊन पुन्हा दारोदार फिरले. खालच्या वहिनींनी दार उघडलं.

"आता कशाचे?"

"ह्यांना राग यायला लागला, त्याचे."

त्या हसल्या. मला वाटलं, हसण्यावारी नेऊन निघून जावं, सोपं आहे. पण मी थांबले आणि सगळं सांगितलं. हे आजारी होते, मला कळलं नाही, औषध सुरू आहे. वहिनींच्या हातातला लाडू हातातच राहिला. नवसाचे शब्द त्यांनी माझ्याकडून मागून घेतले होते. आता खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्या डॉक्टरीनबाई कुठं बसतात?" कोणासाठी, ते मी विचारलं नाही. पत्ता लिहून दिला.

एवढ्यात वरून जिन्यात आवाज घुमला, "अवं! सगळेच लाडू वाटून आली काय? माह्या वाट्याचा कुठं आहे?"

"भाऊजी आले वाटते," वहिनी म्हणाल्या आणि सवयीने कुकरकडे वळल्या.

त्यांच्या वाट्याचा लाडू माझ्या पदराखालीच होता. चार पायऱ्या चढले की दिसले असते हे. पण मी वर गेले नाही, उत्तरही दिलं नाही. जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले. म्हटलं, आणखी एकदा ओरडू दे.